व्हाळाला नाला म्हणणारा कारकून

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर माणूस नाही, नुसतं सामान आहे. पांगारे गावची पंचायत कचेरी. डाव्या अंगाला लोखंडी कपाट, त्याचं एक दार कायम अर्धवट उघडं. मध्यभागी टेबल, टेबलावर काच, काचेखाली बसचं वेळापत्रक. उजवीकडे जनेल, आणि त्या जनेलातून मार्च महिन्यातलं सकाळचं ऊन टेबलाच्या बरोबर मध्यावर पडलेलं. नाटकमंडळीतल्या दिवे लावणाऱ्यालाही ते इतकं नेमकं पाडता आलं नसतं. साखळीहून येणारी बस वळणावर भोंगा देते, आणि त्या भोंग्यावर विंगेतून प्रवेश करतात गोकुळदास. वय एकोणसाठ, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. पंचायतीचे कारकून.

निळं पेन लिहायला होतं, लाल दुसऱ्यांचं सुधारायला. कुणी घराची कौलं परतायची म्हणून अर्ज आणला, तर गोकुळदास तो आधी मास्तरासारखा तपासत. "परतणे म्हणजे मागे येणे. कौलं कुठे गेली होती काय? 'छपराची दुरुस्ती' असं लिही." अर्जदार बिचारा मान डोलवून लिही. अठ्ठावीस वर्षांत सरपंच नऊ झाले, सचिव किती आले आणि बदलून गेले त्याची गणती नाही, पण पंचायतीची मराठी मात्र एका हाताची राहिली. तालुक्याला डिचोलीत पांगाऱ्याचा कागद गेला की तिथले लोक म्हणत, "गोकुळदासबाबाचो कागद. वाचून दाखवा मरे जरा." आणि कुणीतरी खरंच मोठ्याने वाचून दाखवी.

त्या सोमवारी खुर्ची पुसून ते बसतात न बसतात तोच सुविधा आत आली. चार नंबर वॉर्डाची पंच, वय बत्तीस. कॉलेजात रसायनशास्त्र शिकली होती, म्हणून गावातल्या उद्योगांवर लक्ष ठेवायचं पंचायतीचं काम आपोआप तिच्या गळ्यात पडलं होतं. खरं तर इतरांनी ते तिच्या गळ्यात घातलं आणि ती ते मनापासून करू लागली, हे कुणाच्या हिशेबात नव्हतं. गावाच्या वरच्या अंगाला बाटल्या धुण्याचा कारखाना होता. दर सोमवारी सकाळी ती स्कूटरच्या डिकीत रिकाम्या बाटल्या घालून कारखान्याच्या खालच्या बाजूला गावच्या व्हाळावर जाई, वाहत्या पाण्याचा नमुना भरी, त्यात रंग बदलणारा कागद बुडवून पाही, फेसाचा फोटो काढी आणि सगळं वहीत लिही. प्रदूषण मंडळाला तिने अशी चार पत्रं पाठवली होती.

आज तिने टेबलावर बाटली ठेवली नाही. एक जुना कागद ठेवला, त्या उन्हाच्या चौकोनात.

"गोकुळदासबाब, हें अक्षर कोणाचें?"

गोकुळदासांनी चष्मा लावला. "माझं. असा 'ळ' ह्या तालुक्यात दुसरा कोण काढतो?"

"मग वाचा."

कागद दहा वर्षांपूर्वीचा होता. कारखाना यायच्या आधी पंचायतीने जागेची पाहणी केली होती, तिचा अहवाल. गोकुळदासांनी घसा साफ केला. वाचायचं म्हटलं की त्यांचा आवाज आपोआप एक पट्टी खाली उतरे. "प्रस्तावित जागेच्या पूर्वेस एक नाला असून, पावसाळ्यात सदर नाला दुथडी भरून वाहतो." ते थांबले. "बरं उतरलंय वाक्य."

"बरं उतरलंय न्हय? ह्याच वाक्यावर कारखान्याला सात नंबरची अट मिळाली." तिने दुसरा कागद पुढे केला. मंडळाचं उत्तर. त्यात लिहिलं होतं की पंचायतीच्याच अहवालानुसार सदर प्रवाह हा केवळ पावसाळी नाला आहे, त्यामुळे धुण्याचं जादा पाणी थोडी प्रक्रिया करून त्यात सोडायला कारखान्याला परवानगी आहे, आणि कारखाना त्या परवानगीतच वागतो आहे. "माझ्या चारही पत्रांना हेंच उत्तर. आमचा व्हाळ बारा महिने वाहतो. वाहता व्हाळ असता तर ही अट मुळात मिळालीच नसती. शुक्रवारी मंडळाची पाहणी आहे. कारखान्याच्या परवान्याची मुदत संपतेय, आता पुढच्या पाच वर्षांचा मिळणार. सात नंबर तशीच राहिली तर खालच्या शेतांत वायंगण कोण करणार?"

वायंगण म्हणजे पांगाऱ्याचं हिवाळी भात. पाऊस गेला की व्हाळाला ठिकठिकाणी बांध घालायचे, पाणी तुंबवायचं आणि त्यावर दुसरं पीक काढायचं. सगळ्यांनी मिळून बांध घालायचा, सगळ्यांनी मिळून पाणी वाटून घ्यायचं. गेली दोन वर्षं खालच्या बांधात पाण्याऐवजी फेसच जास्त साचत होता.

"पण लिहिताना 'व्हाळ' कसं लिहिणार गो?" गोकुळदास म्हणाले. "तो बोलायचा शब्द."

"म्हणजे बोलायचं व्हाळ, आणि साबणाचं पाणी सोडायचं नाल्यात?"

गोकुळदास उठले, कपाटाचं न लागणारं दार पुरतं उघडलं आणि ग्रामसभेच्या वह्या काढू लागले. कुठेतरी एका तरी ठरावात गावकऱ्यांचा शब्द जसाच्या तसा उतरला असेल. दर वर्षी नोव्हेंबरात बांधाचा ठराव होई. लोक उभे राहून बोलत, "औंदा व्हाळाचो बांध बेगीन घालूंक जाय," आणि गोकुळदास लिहीत. त्यांनी एक वही उघडली. 'नाल्यावरील बांध शीघ्र घालण्याचे ठरले.' दुसरी उघडली. 'नाल्यावरील बांध.' तिसरी, चौथी, नववी. अठ्ठावीस वर्षांचे नोव्हेंबर, अठ्ठावीस वेळा नाला, एकच वळणदार अक्षर.

दुपारपर्यंत ते वह्यांच्या ढिगात बसले होते. सुविधा केव्हा निघून गेली तेही त्यांना कळलं नाही.

बातमी सरपंचाला लागायला वेळ लागला नाही. सरपंच कृष्णनाथ म्हणजे पन्नाशीचा, जाड्या मिशांचा, मनाने वाईट नसलेला माणूस. दुसऱ्या दिवशी सकाळी तो उंडे पाव आणि पातळ भाजी बांधून घेऊन आला. काहीतरी अवघड बोलायचं असलं की तो आधी खायला घाली.

"गोकुळदासबाब, निवृत्तीक कितले म्हयने उरले?"

"आठ."

"आठ." कृष्णनाथने उंड्याचा तुकडा भाजीत बुडवला. "आता तुम्ही लिहून दिलंत की 'माझा अहवाल चुकला'. तालुक्यातून काय विचारतील? हा चुकला, तर बाकीचे कितके चुकले? अठ्ठावीस वर्षांचं दप्तर उघडून बसतील. आणि तुमचं नाव पहिल्या पानावर. सुविधा भांडते आहे, ती भांडू दे, तिला ते बरं येतं. कारखान्यात आपल्याच गावची चाळीस माणसं आहेत, माझा भाचा धरून. तुम्ही मध्ये पडून काय मिळवणार?"

"सुविधाकडे कागद नाही, सरपंच. आहे तो माझा."

"आणि तुमच्या कागदाला आजवर कोणी नाव ठेवलं नाही. तसाच राहू द्या."

हे कृष्णनाथ प्रेमाने बोलला, आणि म्हणूनच ते लागलं. गोकुळदासांकडे जमीन फारशी नव्हती, मुलगा पुण्याला, मुलगी पेडण्याला दिलेली. गावात त्यांचं म्हणून जे काही होतं ते हेच, की गोकुळदासच्या कागदात चूक नसते.

संध्याकाळी घरी आले तर बायको पद्मावती पडवीत पाय धूत होती. ती खालच्या शेतात वायंगणाचा एक तुकडा करायची. पायांना घोट्यापर्यंत लाल चट्टे उठले होते. गोकुळदासांनी ते पाहिले, आणि आपण दोन वर्षं रोज पाहत होतो हेही त्यांच्या ध्यानात आलं.

"कणसं भरली?" त्यांनी विचारलं.

"वरच्या बाजूची भरली. खालची दाबून पाहा, नुसतं फोलपट." तिने पाय पुसले. "आज काय झालं? तोंड असं का?"

त्यांनी सगळं सांगितलं. सुविधाचा कागद, अठ्ठावीस वह्या, सरपंचाचे उंडे. पद्मावती ऐकत राहिली आणि मधेच तिला हसू आलं.

"कित्याक हसतेस?"

"मला तो राजा आठवला."

गोकुळदासांनी मान फिरवली. तो राजा त्यांनाही रोज आठवे, फक्त त्यांना हसू येत नसे. चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. देवीच्या जत्रेतलं ऐतिहासिक नाटक, आणि एकोणीस वर्षांचा गोकुळदास विंगेत वही धरून शब्द पुरवायला बसलेला. तेव्हा जत्रेतली नाटकं म्हणजे सोहळा होता. दळणाची गिरण चालवणारा माणूस महिनाभर मिशीला पीळ भरत राजा होऊन गावात हिंडे, आणि पिठाचे पैसे मागायलाही भरजरी आवाजात मागे. त्या दिवशी दुसऱ्या अंकात वाऱ्याने वहीचं पान उलटलं. राजा सिंहासनावरून उठलेला, "प्रधानजी, शत्रूचं सैन्य..." म्हणून विंगेकडे बघत उभा. पुढे 'सरिता ओलांडून' होतं. गोकुळदासच्या तोंडून जे आलं ते आलं, आणि राजाने ते तसंच, छाती फुगवून, हात पसरून म्हटलं: शत्रूचं सैन्य व्हाळ ओलांडून आलं आहे. मांडव हसला. प्रधान हसला. पेटीवाल्याने पेटीवर डोकं टेकलं. पाच मिनिटं नाटक बंद. गावातले शब्द विनोदी नोकराने बोलायचे असतात, राजाने नाही, हे त्या पाच मिनिटांत गोकुळदास असं शिकला की पुढे जन्मभर विसरला नाही.

"तू तेव्हा मांडवात होतीस?" त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"बायकांच्या बाजूला, पुढेच. पोट दुखेपर्यंत हसले." तिने तांब्या उचलला. "पण तुम्हाला वाटलं तसं नाही ते. त्याआधी तासभर राजा काय बोलत होता ते आम्हाला कळतच नव्हतं. सरिता काय, तटिनी काय. पहिल्यांदा कळलं, सैन्य खंय आलां तें. आपल्या व्हाळापर्यंत आलां म्हणून कळलं. बाजूची म्हातारी तर घाबरली मरे, म्हणाली दारं लावून आलेय की नाही." आणि आत जाता जाता म्हणाली, "भाताक सरिता नाका. उदक जाय."

गोकुळदासांनी उठून अठ्ठावीस वह्या मावतील एवढी पिशवी शोधली. एक पुरेना. दोन घेतल्या.

शुक्रवारी सकाळी दहा वाजता कारखान्याच्या मागच्या भिंतीपाशी पाच माणसं उभी होती. मंडळाची अभियंता अश्विनी, फोंड्याची, पायात गमबूट, हातात फळीला लावलेले कागद. सुविधा, तिच्या बाटल्यांसकट. सरपंच कृष्णनाथ, नव्या कातडी चपला घालून. गोकुळदास, दोन्ही हातांत पिशव्या. आणि कारखान्याचा व्यवस्थापक अनिल, कोल्हापूर जिल्ह्यातल्या गडहिंग्लजचा, चाळिशीचा, बोलायला मोकळा.

भिंतीतून एक पाइप बाहेर आला होता. त्याखाली फेस, साखरेच्या पाकावर येतो तसा, आणि फेसाखालून पाणी गावाकडे चाललेलं.

"मॅडम, हे बघा, आमच्याकडे सगळं कागदाप्रमाणे," अनिल म्हणाला. "सात नंबर अट. पावसाळी नाला. आता मार्चमध्ये ह्याच्यात जे पाणी दिसतंय ते आमच्याच प्लांटचं. आम्ही तोटी बंद केली तर हितं बेडूकसुद्धा राहायचा नाही."

अश्विनीने ते लिहून घेतलं. सुविधा काही बोलणार तेवढ्यात गोकुळदास म्हणाले, "मग वर चला."

"वर कशाला मामा?" अनिलने विचारलं. "पाहणी कारखान्याची आहे."

"कारखाना खाली आहे. पाणी वरून येतं. अहवालात मी लिहिलंय 'पूर्वेस'. पूर्व तुमच्या भिंतीपाशी संपत नाही."

"आमच्या परवान्यात वरचं काही नाही."

"म्हणूनच चला म्हणतो."

अश्विनीने एकदा अनिलकडे पाहिलं, एकदा वरच्या झाडीकडे. "किती लांब?"

"अर्धा तास. माझ्या गुडघ्याने पाऊण."

पाऊण नाही, तासच लागला. वाट कुळागरांमधून होती, सुपारीच्या बागांतून, आणि दर चार पावलांवर पाटाचं पाणी आडवं. कृष्णनाथची एक चप्पल चिखलाने ओढून घेतली ती परत दिलीच नाही. "सोडा सरपंच," सुविधा म्हणाली, "पुढच्या निवडणुकीत सापडेल." कृष्णनाथ एका चपलेने चालत राहिला. अनिलने गोकुळदासांच्या हातातली एक पिशवी घेतली. "काय भरलंय मामा, दगड?" "नाही रे, माझं अक्षर." दोनदा गोकुळदास थांबले, गुडघा दाबला. अश्विनी म्हणाली, "काका, मी फोटोवरून बघते, तुम्ही थांबा." ते थांबले नाहीत.

वरचा बांध आला. बांबूंचे खुंट, त्यांमध्ये पाला आणि माती ठेचून भरलेली, आणि मागे गुडघाभर पाणी, इतकं नितळ की तळाचे गोटे मोजावेत. बांधावरून पाणी सारखं ओघळत होतं. इथून कारखाना दिसतही नव्हता. अश्विनीने पाणी मोजलं, नमुना भरला, जागेची खूण मोबाइलवर घेतली, फोटो काढले. अनिल वाकला, ओंजळभर पाणी तोंडावर मारलं आणि तसाच उकिडवा बसला.

"आमच्याकडे ह्याला ओढा म्हणत्यात," तो म्हणाला. "नाला म्हणजे एसटी स्टँडच्या मागं असतो तो. मी पाच वर्षं हितं आहे, वर कधी आलोच नाही. कागदावर नाला होतं, मी नाला म्हटलं." त्याने वर पाहिलं. "पण मग पहिल्यांदा नाला म्हटलं कुणी?"

"मी," गोकुळदास म्हणाले.

त्यांनी पिशव्या एका खडकावर रिकाम्या केल्या आणि वह्या अश्विनीपुढे लावल्या. "सगळीकडे नालाच सापडेल तुम्हाला. तेवढा शब्द सोडा आणि बाकीचं वाचा. दर नोव्हेंबरात बांध, दर डिसेंबरात पाण्याच्या पाळ्या, एप्रिलमध्ये कापणीनंतर बांध मोडायचा ठराव. कोरड्या नाल्यावर अठ्ठावीस वर्षं कोण बांध घालतो?"

अश्विनीने पाच-सहा वह्या चाळल्या. ती घाईत नव्हती. "काका, मी जे पाहिलं ते लिहीनच. पण परवान्याच्या सुनावणीला कारखान्याचा वकील ह्याच वह्या पुढे करणार. पंचायत स्वतः अठ्ठावीस वर्षं नाला म्हणते, असं म्हणणार. त्याला उत्तर एकच. ज्याने लिहिलं त्याचा सहीचा जबाब."

"जबाब कचेरीत घेऊया," कृष्णनाथ लगेच म्हणाला. "आरामात. चहा घेऊन. सोमवारी."

"इथेच," गोकुळदास म्हणाले.

ते खडकावर बसले, पाय पाण्याकडे करून. अश्विनी त्यांच्यासमोर फळी मांडीवर घेऊन बसली. आणि इतकी वर्षं दुसऱ्यांची वाक्यं सुधारणाऱ्या त्या माणसाने आपली वाक्यं एकेक करून सांगितली, एकही न सजवता. ही जागा पांगारे गावची. हा व्हाळ. तो बारा महिने वाहतो. गाव त्याला कधीच नाला म्हणालं नाही. वह्यांत जिथे जिथे नाला आहे तिथे तिथे लोक व्हाळ म्हणाले होते आणि मी नाला लिहिलं. दहा वर्षांपूर्वीच्या अहवालातही मीच लिहिलं. 'दुथडी भरून' हे वाक्य शोभेचं आहे, त्याचा अर्थ तो फक्त पावसाळ्यात वाहतो असा नाही. अश्विनीने दोनदा 'व्हाळ' चुकीचं लिहिलं, दोन्ही वेळा त्यांनी तिच्याकडून अक्षर अक्षर नीट करून घेतलं.

"सुनावणी होईपर्यंत पाइपचं तोंड बंद ठेवावं, अशी शिफारस मी आजच करते," अश्विनी म्हणाली.

"शिफारस येईपर्यंत कशाला थांबायचं," अनिल उठत म्हणाला. "खाली गेल्या गेल्या वॉल्व्ह फिरवतो. टाकीत चार दिवस मावेल, पुढचं मालकांना मी बघतो काय सांगायचं ते."

सुविधाने एक रिकामी बाटली बांधाच्या पाण्याने भरली आणि झाकण लावलं.

सहीची जागा राहिली होती, आणि तिच्या वर एक ओळ मोकळी. अश्विनीने पेन थांबवलं. "चुकीचं कारण लिहावं लागतं, काका. 'अनवधानाने' असं लिहिते. म्हणजे चौकशी झाली तरी तुम्हाला त्रास होणार नाही."

"तेंच बरोबर," कृष्णनाथ म्हणाला, आणि त्याच्या आवाजात किती सुटका होती. "लिहा, लिहा. अनवधानाने." अश्विनीने लिहिलंसुद्धा.

गोकुळदासांनी तिच्या हातातली फळी आपल्याकडे वळवून घेतली, चष्मा वर सरकवला, तो शब्द वाचला, आणि खिशातलं लाल पेन काढून तिच्यापुढे धरलं.

"हा खोडा, बाय. मला शब्द येत होता, लिहायची लाज वाटली. तसंच लिहा."